गिअरबॉक्सची ओळख

वडिलांची मारुती व्हॅन आमच्या वसमतच्या अंगणात उभी आहे. तिच्या पाटीवर अजून परभणीचा एमएच-२२ आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, व्हॅन त्याआधीची.

गेल्या उन्हाळ्यात तिचा गिअर सुटू लागला. ७९६ सीसीचे तेच इंजिन मारुती ८०० मध्येही असे, म्हणून आम्ही ८०० चा जुना गिअरबॉक्स घेऊन आलो. मिस्त्रींनी नुसती मान हलवली. ८०० मध्ये इंजिन आडवे, जोर पुढच्या चाकांवर. व्हॅनमध्ये ते पुढच्या आसनाखाली लांबीच्या दिशेने, आणि जोर लांब शाफ्टातून मागच्या चाकांवर. इंजिनावरून गिअरबॉक्स ओळखता येत नाही.

मग जुना उतरवून त्यांनी आमच्याकडून फेरे मोजून घेतले. पहिल्या गिअरमध्ये बाहेरच्या शाफ्टाचा एक फेरा होईतो आतल्याचे तीनहून अधिक. चौथ्यात बरोबर एकास एक. हे जुळेल तोच आपला.

खोलल्यावर दुसऱ्या गिअरचे दात सर्वांत झिजलेले निघाले. ‘‘तुमचे आबा डांबरी सोडून शेतवाटांनीच जास्त हिंडले, दादा,’’ मिस्त्री म्हणाले.

वडील हमरस्त्याने नांदेडला ये-जा करीत, एवढेच आम्हांला ठाऊक होते. त्या वाटा कुठल्या, हे विचारायचे राहूनच गेले.