पोटखराबा

मराठीच्या प्राध्यापकाला शब्दांचा लोभ असावयाचाच. माझा लोभ मात्र ग्रंथालयातून आला नाही. तो वडिलांच्या खाकी पिशवीतून आला. वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. दुसऱ्यांच्या घरी तिन्हीसांजेला परवचा चाले, तेव्हा आमच्या घरी साखळीचे कोष्टक चाले. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६; साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. १९५७ साली नाण्यांत दशमान पद्धत आली आणि आणा व्यवहारातून उठला; पण मोजणीच्या साखळीत तो पुढे कितीतरी वर्षे बिनघोर लोंबकळत राहिला. टिपण, फाळणी, आकारबंद, चतुःसीमा, फलकयंत्र ही मंडळी मला मोरोपंतांच्या आधी भेटली, आणि खरे सांगायचे तर अधिक आवडली.

तसे पाहिले तर नागपूर हे मोजणीचेच गाव. झिरो माइलचा खांब दाखवून ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असे आपण पाहुण्याला छातीठोकपणे सांगतो. वडिलांना ते मुळीच खपत नाही. “अरे, तो उंचीचा दगड आहे, १९०७ सालचा,” असे म्हणून समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट हा आकडा ते दशांशचिन्हासकट ऐकवितात. पाहुणा बिचारा संत्राबर्फीच्या आशेने आलेला असतो! या देशाची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासेकडे आरंभणारा विल्यम लॅम्बटन हाही नागपूरच्या वाटेवरच, हिंगणघाटला, १८२३ च्या जानेवारीत वारला. त्याची कबर तेथेच आहे. वडिलांनी मला ती दाखविली, तेव्हा चपला काढायला लावल्या होत्या.

हे झाले जमिनीच्या पाठीवरचे शब्द. तिच्या पोटातले शब्द खाणवाल्यांचे. रामटेककडच्या मनसर आणि चोरबावली या गावांची नावे भूशास्त्राच्या ग्रंथांत खडकांच्या थरांना दिलेली आहेत, कामठीचेही तसेच. येथल्या मँगनीजच्या एका खडकाला फर्मर नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटले. चोरबावली हे नाव परदेशी पंडित कसे उच्चारीत असतील, याची कल्पना करून मी अनेकदा एकटाच हसलो आहे.

एकदा मी वर्गात ‘गोफ विणणे’ समजावून सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, सिल्लेवाड्याच्या खाणकामगाराचा, म्हणाला, “सर, आमच्याकडे गोफ विणत नाहीत. गोफ बसतो.” कोळसा काढून घेतल्यावर खाणीत जी पोकळी उरते आणि जिचे छत कोसळू दिले जाते, ती गोफ. शब्द इंग्रजी, आमच्या रेशमी गोफाशी त्याचे काही नाते नाही. पण त्याचे वडील त्या दिवशी तिसऱ्या पाळीला होते, म्हणून वर्गात कोणी हसले नाही.

आमच्या मामांचे चार एकर वावर उमरेड तालुक्यात होते. पुण्याकडे शेत म्हणतात, आमच्याकडे वावर. तिकडचा बांध तो इकडचा धुरा. या धुऱ्यावरून मामांचे आणि शेजाऱ्याचे वीस वर्षे हाडवैर. दर उन्हाळ्यात एकाने म्हणावे, ‘याने माझा धुरा कोरला,’ आणि दुसऱ्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. मग एके वर्षी खुल्या कोळसाखाणीसाठी १९५७ च्या कायद्याची नोटीस दोघांच्याही घरी आली. पाठोपाठ मोबदल्याचा तक्ता आला. त्यात मामांच्या नावापुढे पोटखराबा म्हणून ८ आर वेगळे काढलेले, आणि त्यांचा दर अगदीच किरकोळ.

मामा तो कागद घेऊन आमच्याकडे आले. “भाऊजी,” ते वडिलांना म्हणाले, “माणसाचं पोट खराब होते, हे समजते. वावराचं पोट कसं खराब होते?”

वडिलांनी शांतपणे समजावून दिले. हे पोट पोटहिश्शातले, पोटभाडेकरूतले, म्हणजे आतले. नंबराच्या आत जेथे नांगर चालत नाही, खडक आहे, नाला आहे, तो तुकडा पोटखराबा. त्यावर शेतसाऱ्याची आकारणी नाही. म्हणून हा शब्द पिढ्यान् पिढ्या कुळंब्याला गोड वाटत आला; कमी करावा असे कोणाच्या मनातही आले नाही. तो कडू लागला तो मोबदल्याच्या दिवशी. आजीने त्या तुकड्यातले दगड वेचून वेचून तेथे तूर घ्यायला सुरुवात केली होती, तीही मला आठवते तेव्हापासून. पण आजीचे दगड सातबाऱ्यावर चढले नव्हते.

अर्ज मी लिहिला, मजकूर वडिलांचा. ‘सदर पोटखराबा वहितीखाली आणलेला असून प्रत्यक्ष मोजणी व स्थळपंचनामा व्हावा.’ आजीच्या घामाचा त्यात उल्लेख नव्हता. घामाला सरकारी नमुन्यात रकाना नाही, असे वडील म्हणाले. अकरा महिन्यांनी पंचनामा झाला. आठांपैकी पाच गुंठे वहिवाटीचे ठरले, तीन नाल्याचे राहिले. मामांनी ते कबूल केले. नाला होताच.

पण त्यांना खरा लागला तो दुसराच शब्द. खाण सुरू झाल्यावर एकदा आम्ही तिकडे गेलो, तर वावराच्या दिशेला मातीचा डोंगर उभा. मामांनी एका डंपरवाल्याला विचारले, “हे काय हो, बाप्पा?” तो म्हणाला, “ओबी.” पुढे बोलायला त्याला सवड नव्हती. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन. कोळशाच्या वर असलेले सारे, माती, मुरूम, वाळूचा खडक. ओझे, जे आधी उचलून बाजूला टाकावयाचे. वडिलांच्या दप्तरात जी जमीन काळी, जिरायत आणि आकारणीस पात्र होती, ती येथे ओझे झाली. मी अर्थ सांगितला, तेव्हा मामांनी तो दोनदा विचारून घेतला. परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत.

मामा आता उमरेडला भाड्याच्या घरात राहतात. दोन गल्ल्या सोडून तो शेजारीही राहतो. संध्याकाळी दोघे एकाच ओट्यावर बसतात, एकाच्या डब्यातला तंबाखू दुसरा खातो. धुरा नेमका कोठून जात होता, याबद्दलचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. या दिवाळीत वडील तिकडे जातील, तेव्हा जुन्या टिपणाची नक्कल घेऊन या, असा दोघांचाही निरोप आहे.