काटा खोटं बोलत नाही, पण...

आमच्या रूमचं रोजचं मनोरंजन म्हणजे टेम्पो. टेम्पो म्हणजे माझा रूममेट, वजन ८४ किलो. पहिल्या वर्षाला कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते त्याच्या खऱ्या नावापेक्षा जास्त चाललं. मेसमध्ये तो चौथी चपाती घ्यायला उठला की अख्खं टेबल "ओव्हरलोड, ओव्हरलोड!" असं ओरडायचं. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. कारण मी हँगर! शर्ट माझ्या अंगावर हँगरला अडकवल्यासारखा लोंबतो. हाताच्या काड्या, गालफडं बसलेली. त्यामुळे संध्याकाळी दोन वडापाव, रात्री अकराला मॅगी, वर कोल्ड्रिंक... मला कोण विचारणार? "खा रे, तुझ्या अंगाला काही लागतच नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मागच्या सेमिस्टरला कॉलेजात आरोग्य तपासणी शिबिर झालं. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग उंची, वजन, बी.पी. आणि शेवटी कमरेला टेप. मी ऐटीत रांगेत पुढे. उंची १.७२ मीटर, वजन ६६ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की येतो तो बीएमआय. माझा आला २२.३. एकदम नॉर्मल! टेम्पोचा २९.१. मी त्याच्याकडे बघून डोळा मारला.

मग टेप लागला. माझी कंबर भरली ९२ सेंटिमीटर. शर्ट कायम बाहेर सोडायची सवय, त्यामुळे हे पोट आजवर कुणाच्या नजरेत आलं नव्हतं, माझ्याही नाही. दोन दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले. टेम्पोची साखर ८८, माझी १०८. उपाशीपोटी ती शंभराच्या आत हवी आणि १२६ पासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे मी मधल्या पट्ट्यात, वयाच्या विसाव्या वर्षी.

"मॅडम, रिपोर्ट चुकला असेल," मी म्हटलं.

डॉक्टर मॅडमनी शांतपणे विचारलं, "घरी कुणाला आहे का?"

आहे. पप्पांना.

पप्पा भिवंडीला एका वजनकाट्यावर कामाला आहेत. आमच्याकडे पॉवरलूमचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा, त्यामुळे ट्रकना तोटा नाही. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, रिकामी झाली की पुन्हा घ्यायची, वजाबाकी करून पावती फाडायची. पप्पा स्वतः शिडशिडीत, साठ किलोसुद्धा भरत नाहीत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पायाच्या बोटाला जखम झाली. हळद झाली, मलम झालं, दीड महिना ती भरेना. सारखी तहान लागते, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, असं ते सांगायचे. पण "बारीक माणसाला कसली आलीय साखर!" असं आजी म्हणायची आणि आम्हा सगळ्यांना ते पटायचं. शेवटी तपासलं तेव्हा साखर तीनशेच्या वर होती. बोट थोडक्यात वाचलं. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं बरीच वर्षं अंगात असणार. एवढी वर्षं आम्ही सगळे त्यांच्या वजनाकडे बघून निर्धास्त होतो! आणि हे घरात घडलेलं असूनही शिबिरात डोळा मारणारा मीच...

मॅडमनी मला एक फोटो शोधून बघायला सांगितला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तो छापून आला होता. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. (माझाही तोच! वाचून अंगावर काटा आला.) पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन तेच, आतला माल वेगळा.

हे येतं कुठून? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपलं बाळ लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. 'बारीक पण चरबीवालं' बाळ! साखर वापरण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी आणि पोटात, यकृतात चरबी साठलेली, अशा शरीरावर इन्सुलिनचा अंमल नीट चालत नाही. त्यात आमच्यासारखं दिवसभर लेक्चरला आणि रात्रभर कॉम्प्युटरसमोर बसणं आलं की झालंच.

आणखी एक गंमत. बीएमआयचं सूत्र मुळात डॉक्टरचं नाहीच. बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ केटले यानं १८३० च्या दशकात ते मांडलं, तेही लोकसंख्येचा सरासरी माणूस अभ्यासण्यासाठी. एकट्यादुकट्याची तब्येत ठरवणं हा त्याचा हेतू नव्हता. जगभर २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी हे आकडे २३ आणि २५ वर आणले. कमरेची मर्यादा सांगितली पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

हे सगळं मी फोनवर पप्पांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "अरे, काटा खोटं बोलत नाही, पण गाडीत कापूस आहे की लोखंड, ते त्याला कुठं कळतं? त्यासाठी ताडपत्री उचलावी लागते." माझी ताडपत्री म्हणजे बाहेर सोडलेला शर्ट!

मग टेम्पोला मोकळं रान का? मुळीच नाही. त्याची साखर ठीक होती, पण वरचा बी.पी. १३८ निघाला आणि जिना चढताना गुडघे दुखतात, हे त्यानं पहिल्यांदाच कबूल केलं. गुडघ्याची झीज झालेल्या जाड माणसांवरच्या २००५ च्या एका अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. मेकॅनिकलवाल्यांनो, हिशेब करा!

पण त्याच रात्री टेम्पोनं जे सांगितलं ते रिपोर्टपेक्षा जास्त लागलं. आमच्या 'ओव्हरलोड'ला कंटाळून तो कित्येक दिवस मेसमध्ये अर्धपोटी उठायचा आणि मध्यरात्री पांघरुणात फरसाण खायचा. आवाज होऊ नये म्हणून पिशवी उशीखाली धरून. मी शेजारच्याच कॉटवर होतो आणि मला पत्ता नव्हता. त्याच्या वजनात आमचाही वाटा होता, असं मला वाटतं.

आता रात्री जेवून आम्ही दोघं ग्राउंडला चार चकरा मारतो. कोल्ड्रिंक बंद, वडापाव आठवड्यातून एक. मेसची उसळ मागून घेतो. सकाळी रूममध्ये जोर काढतो, सुरुवातीला माझे पाच निघायचे, आता अठरा. तीन महिन्यांनी टेम्पो ७९ वर आलाय. माझं वजन होतं तेवढंच आहे, ६६! पण कंबर ८९ आणि साखर १०१. अजून एक पायरी बाकी आहे.

तेव्हा मित्रांनो, वजनकाट्यावर जरूर उभे राहा, पण सोबत एक टेपही ठेवा. घरात कुणाला मधुमेह असेल तर बारीक असूनही रक्त तपासून घ्या. आणि हो, टेम्पोला आम्ही आता त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतो. तो मात्र मला अजून हँगरच म्हणतो. म्हणू दे, तेवढं माझ्याकडून येणं आहे!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल