रोजमेळातले बंगळूर

सांगलीच्या हळदपेठेत वाढलेला एक तरुण नोकरीनिमित्त बंगळुरास गेला. जयनगरातील खोलीच्या अनामत रकमेतच घरून आणलेली पुंजी संपली. पहिल्या महिन्याअखेरीस पगार कुठे गेला, हे त्यालाच सांगता येईना. रिक्षा, बाहेरचे जेवण, फोनवरून मागवलेल्या वस्तू. रकमा लहान, बेरीज मोठी. दुसऱ्या महिन्यात त्याने खोलीबाहेर पडणेच सोडले. पैसा वाचला, मन मात्र कोमेजले.

दिवाळीस घरी आला असता आजोबांनी कोरी लाल वही हाती ठेवली. "रोजमेळ लिहीत जा, बाळ. बचत आधी काढ, मग घरभाडे. आणि करमणुकीचेही खाते उघड. ज्या खर्चाला खाते नसते, तो चोरपावलांनी येतो."

आता मेट्रोच्या हिरव्या मार्गाने रिक्षाचा खर्च घटला आहे. रविवारी सकाळी हैदरअलीने १७६० मध्ये आरंभलेल्या लालबागेत तो फिरतो, सुमारे ३०० कोटी वर्षांच्या खडकावरून शहर न्याहाळतो. पुढे गांधी बझारात फुलांचा दरवळ, साधा डोसा, फिल्टर कॉफी. त्याच मेट्रोने चिकपेटेस उतरले की अरुंद गल्ल्यांतून कापडाच्या पेढ्या दिसतात आणि सांगलीची पेठ आठवते.

गेल्या महिन्यात तेथूनच त्याने आईसाठी सुती साडी घेतली. बचतीला हात न लावता, शिल्लकेतून. कॉफीची रक्कम वहीत उतरवतानाही त्याचा हात आता अडखळत नाही.