भाच्याचा पंप

मी येरवड्याला राहतो असे सांगितले की समोरच्या माणसाचा चेहरा क्षणभर कोरा पडतो. येरवड्यातल्या दोनच संस्थांची कीर्ती महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचली आहे; एक मध्यवर्ती कारागृह आणि दुसरे मनोरुग्णालय. त्यामुळे "आत की बाहेर?" हा विनोद मी गेली चाळीस वर्षे ऐकतो आहे, आणि सांगणाऱ्याला तो आत्ताच सुचला असावा अशा समजुतीने दर वेळी हसतो आहे. आत आणि बाहेर यांच्यामधली भिंत वाटते तेवढी जाड नाही, हे मात्र मी कुणाला सांगत नाही. वेडाचे बरेच चांगले नमुने आमच्या बाहेरच्या बाजूलाही आहेत. त्यांतला एक माझा सख्खा भाचा.

"मामा, मला पंप बदलायचाय," एका रविवारी सकाळी येऊन तो म्हणाला.

पुण्यात पंप हा शब्द फार जपून वापरावा लागतो. आमच्या सोसायटीत कुणी जिन्यात नुसते "पंप" म्हटले तरी चौथ्या मजल्यावरचे लोक बादल्या भरायला धावतात. मी सहानुभूतीने विचारले, "जळला का रे?"

"नाही हो मामा. गाडीचा. हाय-प्रेशर फ्युएल पंप. आहे तो छोटा पडतोय, मोठा बसवायचाय. लाखाच्या वर जाईल."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज एकदम थांबला. लाख हा आकडा आमच्या घरात दोन भिंतींपलीकडेही स्वच्छ ऐकू जातो.

भाचा खराडीला संगणकाच्या कंपनीत आहे. गाडी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस. २३० अश्वशक्तीची ही गाडी २०१७ साली भारतात आली. याने पुढे केव्हातरी कुणाची तरी वापरलेली घेतली. संध्याकाळी सहा वाजता गुंजन चौकाच्या सिग्नलला या २३० घोड्यांना मी स्वतः, हातात भाजीची पिशवी असताना, पायी मागे टाकले आहे. तरी त्याला घोडे कमी पडतात. म्हणून त्याने गाडीच्या संगणकातला कार्यक्रम बदलून टर्बोचा दाब वाढवून घेतला, आणि तिथून हे पंपाचे प्रकरण सुरू झाले.

हे सगळे त्याने मला तीन वेळा समजावले. तिसऱ्या वेळी मी ते पंगतीच्या भाषेत करून घेतले, तेव्हा कळले. इंजिन म्हणजे जेवायला बसलेली पंगत. हवा म्हणजे भात, पेट्रोल म्हणजे वरण. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. टर्बो म्हणजे आग्रह करणारा यजमान. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर त्याचे एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा आत कोंबते. म्हणजे पानात भाताचे डोंगर. आता त्या मानाने वरण नको का? टाकीत एक लहान पंप असतो, तो मुदपाकखान्यातून बादली आणून देणारा. त्याचा दाब पाच-सहा बार. खरा वाढपी म्हणजे इंजिनावर बसलेला हा हाय-प्रेशर पंप. तो पेट्रोल दोनशे बारपर्यंत दाबतो, आणि इंजेक्टरच्या पळीतून ते थेट सिलिंडरमध्ये उडते. आपल्या कुकरची शिट्टी होते ती एक बारच्या आसपास. म्हणजे दोनशे कुकर एकदम शिट्टी द्यायच्या बेतात आहेत, आणि आपण त्यांच्यासमोर बसून गाणी ऐकत चाललो आहोत.

शिवाय वाढप्याला उसंत नाही. कॅमशाफ्टवरच्या चार उंचवट्यांच्या कॅमने हा पंप चालतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट तीन हजार, म्हणजे सेकंदाला पन्नास, चोक दोनशे. सेकंदाला दोनशे वेळा वाकून वाढायचे. आमच्याकडच्या कार्यात एक वाढपी दुसऱ्या पंगतीलाच कंबर धरून बसला होता.

पंगतीत वरण संपले तर यजमानाची अब्रू जाते. इंजिनात संपले तर पिस्टन जातो. कारण हवा भरपूर आणि पेट्रोल कमी असे कोरडे मिश्रण भलतेच तापते, ठिणगीची वाट न बघता पेटते आणि आतून हातोडे मारू लागते. आणि हा तुटवडा नेमका पाय पूर्ण दाबलेला असताना, सगळ्यात जास्त भूक असताना पडतो.

यंत्राचा वेग वाढवण्याचे डोहाळे येरवड्याला जुनेच आहेत म्हणा. एक लहान आणि एक मोठे अशी दोन चाके पेटीत बसवून चात्याला जास्त फेरे देणारा पेटीचरखा गांधीजींनी १९३० नंतरच्या काळात इथल्याच तुरुंगात सिद्ध केला. त्याचे नावच येरवडा चक्र. त्याला मात्र पेट्रोल लागत नव्हते, एवढा फरक.

"मग घे की पंप," मी म्हणालो. "मला कशाला विचारतोस?"

तो थोडा घुटमळला. "मामा, तुम्ही बाबांशी बोला ना."

इथे खरा दाब होता.

त्याचे बाबा म्हणजे आमचे दाजी. त्यांनी येरवड्यात नगर रस्त्याच्या बाजूला तीस वर्षे डिझेलची पंपरूम चालवली. ट्रकवाल्यांत त्यांना 'पंपवाले' म्हणूनच ओळखत. पूर्वी ट्रकचा मायकोचा पंप दुरुस्तीला आला की ते तो टेस्ट बेंचवर चढवायचे. सहा सिलिंडरचा पंप असेल तर समोर काचेच्या सहा नळ्या. बेंच फिरवायचा आणि सहाही नळ्यांत तेल सारख्या उंचीवर येईपर्यंत सोडायचे नाही. कुणाला थेंब जास्त नाही, कुणाला कमी नाही. मी बँकेत आयुष्य काढले, पण इतकी निःपक्षपाती वाटणी मी तिथेही पाहिली नाही. प्लंजर आणि त्याचे बॅरल ही जोडी एकमेकांवर घासून बसवलेली असते, त्यांत केसाएवढी जागा म्हणजे फार झाली. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. "लग्नं अशी जमली असती तर कोर्टं बंद पडली असती," असे दाजी ताईच्या देखत म्हणायचे.

मग कॉमन रेल आले. दाब दोनशेवरून दीड-दोन हजार बारवर गेला, पंपाला संगणक चिकटला, उघडायला धूळ नसलेली खोली लागू लागली. २०१७ साली देशभर बीएस-४ आले आणि २०२० साली बीएस-६. नवे ट्रक दाजींच्या दारावरून न थांबता जाऊ लागले. मुलगा तोपर्यंत खराडीला लागला होता. शटर खाली आले. यात कुणाचा दोष नव्हता. म्हणूनच बहुधा दोघेही तो एकमेकांत शोधत राहिले.

त्यात ही गाडी. आणि त्यात १९ मे २०२४ ची पहाट. कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. आमच्या घरापासून ती जागा चालत जाण्याइतकी जवळ. त्या आठवड्यात येरवड्यातल्या कुठल्याच घरात दुसरा विषय नव्हता. दाजींनी मुलाला एकच वाक्य सांगितले, "ती गाडी विक." मुलगा म्हणाला, "मी तसा चालवतो का?" त्यानंतर त्या घरातला सगळा व्यवहार ताईमार्फत सुरू झाला. "त्याला सांग, लाइटचं बिल भर." "बाबांना सांग, भरलं." तिघे एकाच टेबलाशी बसलेले असायचे.

तेव्हा त्या संध्याकाळी भाच्याचा लॅपटॉप काखेत मारून मी दाजींकडे गेलो. भाचा मागे चार पावले. लॅपटॉपवर एक आलेख होता, त्यात दोन रेघा. एक इंजिनाने मागितलेला दाब, दुसरी मिळालेला दाब. साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत दोघी हातात हात घालून चाललेल्या, पुढे मागितलेली वर आणि मिळालेली खाली. मला तो आलेख ओळखीचा वाटला. महागाई आणि महागाईभत्ता यांचा आम्ही युनियनमध्ये असाच काढत असू.

दाजींनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. मग ताईला म्हणाले, "त्याला विचार, हा आकडा किती?"

"दोनशे बार," भाचा परस्पर म्हणाला.

"दोनशे?" दाजींनी पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड केले. "अरे, दोनशे किलो तर मी नोझल टेस्टरच्या दांड्यावर हातानं काढत होतो! नोझल असं करर्र बोलायचं. आणि लाख रुपये कशाचे?"

खाते उघडले. मी खुर्ची मागे घेतली.

पुढचा पाऊण तास ताई आणि मी दोघांच्या मधून चहाचे कप तेवढे फिरवत होतो. दाजी म्हणाले, पूर्वी घाट चढायच्या आधी ट्रकवाले यायचे आणि म्हणायचे, पंप थोडा वाढवून द्या. तेल वाढवले की चार दिवस जोर येतो आणि मागून काळा धूर. कारण तेल जास्त आणि हवा तेवढीच. "तुझं उलटं झालंय. हवा वाढवून बसलास, तेल तेवढंच." भाचा म्हणाला, बरोबर. शिवाय आता पेट्रोलही नुसते पेट्रोल नाही, त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने कमी, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त लिटर लागतात आणि पंपावरचा भार वाढतो. शंभर टक्के इथेनॉलच्या प्रयोगाची सुरुवात ५ जून २०२१ रोजी झाली तीही पुण्यातच. "म्हणजे गाडी उसावर चालते आणि तरी हिचं भागत नाही?" ताईने विचारले. कोल्हापूरच्या मावशीकडे रसाचे चार ग्लास पिऊन वर जेवायला बसणारा मुलगा तिने वाढवला आहे. तिला नवल वाटायला नको होते.

मग दाजींनी मागच्या पाकिटावर हिशेब मांडला. समजा प्लंजर ८ मिलिमीटरचा आहे आणि १० चा बसवला. तेल चौसष्टाचे शंभर झाले, दीडपटीहून जास्त. छान. पण दोनशे बारला ८ च्या प्लंजरवर भार येतो शंभर किलो, दोन साखरेची पोती. १० च्या प्लंजरवर एकशेसाठ. "सेकंदाला दोनशे वेळा ही पोती कोण उचलतो? तुझा कॅम. त्याची झीज कोण बघणार?" भाच्याने याचे उत्तर दिले नाही, पण पाकीट खिशात घातले.

"आणि आधी मला सांग, टाकीतला पंप तपासलास? फिल्टर? बादलीच रिकामी येत असली तर वाढप्याला बडवून काय उपयोग?" पंगतीची उपमा माझी होती, हे मी त्या वेळी बोललो नाही.

पुढच्या शनिवारी गॅरेजमध्ये तपासले तर टाकीतला पंप खरेच थकलेला निघाला. तो बदलल्यावर निम्मी घसरण तिथेच भरून आली. उरलेल्या निम्मीसाठी मोठा पंप हवाच होता. दाजींनी खोका उघडण्याआधी साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. मग प्लंजर दोन बोटांत धरून उजेडात फिरवला आणि ताईला बोलावून दाखवला. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारण्याची युक्ती मर्सिडीजने १९५४ साली ३०० एसएल गाडीत वापरली, तेव्हा तिच्यावरचा बॉशचा पंप डिझेलच्या पंपाच्याच घराण्यातला होता, असे भाच्याने सांगितले. "मग? दिसतंच आहे," दाजी म्हणाले. नातवाचे नाक कुणावर गेले आहे हे सांगताना माणसे अशी बोलतात.

कायद्याचे मी बघितले. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले: नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. नोंदणीपत्रात पंपाचा रकानाच नाही, असे तो म्हणाला. विमा कंपनीचा रकाना त्याहून मोठा असतो, असे मी म्हणालो, आणि तिला पत्र लिहायला लावले. त्याचा मसुदा माझा आहे.

राहिला प्रश्न रस्त्याचा. दाजी म्हणाले, "आम्ही पंप सेट केला की गव्हर्नरच्या स्क्रूला तार घालून शिशाचं सील मारायचो. ड्रायव्हरनं फिरवला तर कळायचं. या तुझ्या पंपाला सील कुठं मारायचं?"

भाच्याने डोके खाजवले. मग म्हणाला, गाडीच्या संगणकात दोन कार्यक्रम ठेवता येतात. एक कारखान्यातून आला तसा मवाळ, दुसरा पूर्ण ताकदीचा, आणि दुसऱ्याला कुलूप घालता येते. बंदिस्त धावपट्टीवरच्या शर्यतीपुरते, आंबी व्हॅलीला पूर्वी झाल्या तशा, ते उघडायचे. एरवी गुंजन चौकाला मवाळ पुष्कळ झाला.

"कुलपाची किल्ली?"

"पासवर्ड असतो, बाबा."

"मग तो मी घालणार. तू तिकडं तोंड कर."

भाचा मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दाजींनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, पासवर्ड घातला. तो काय आहे हे ताईलाही ठाऊक नाही. फक्त मध्येच त्यांनी मान वर करून, "मायकोमधला य कुठं असतो रे यात?" असे मला विचारले होते.