सोलून निघणारा रंग

रंग हा लावण्यासाठी असतो, काढण्यासाठी नव्हे, अशीच आपली समजूत. दाराखिडक्यांचा जुना तेलरंग खरवडताना हातांची काय गत होते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. त्यामुळे "काका, नको झाला तर केळ्याच्या सालीसारखा सोलता येतो," असे पुतण्याने सांगितले तेव्हा मला ते विक्रेत्याचे बोलणे वाटले.

पण प्रश्न नाजूक होता. बडोद्याला आमच्या घराच्या अंगणात दादांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. दादा आता नाहीत. दर रविवारी ते तिला मेण लावून चकचकीत करीत. पुतण्याला ती निळी हवी होती. वहिनींना तिचा दुधी रंग घालवायचा नव्हता. "भाऊजी, ह्यांचा हात फिरला आहे तिच्यावर," एवढेच त्या म्हणाल्या.

हा पदार्थ म्हणजे विरघळवलेले एक रबरासारखे द्रव्य. फवारल्यावर त्यातील द्रावक उडून जातो आणि मागे लवचिक पापुद्रा उरतो. तो खालच्या रंगाशी एकजीव होत नाही, नुसता धरून बसतो. कल्पना तशी नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन आरमाराने राखीव ठेवलेल्या जहाजांच्या तोफांवर असेच सोलण्याजोगे प्लास्टिकचे आच्छादन फवारले होते.

गंमत अशी की, सहज निघावा म्हणून हा थर जाड द्यावा लागतो. आपल्याला वाटते, पातळ असेल तर चटकन निघेल. घडते उलट : पातळ पापुद्रा सोलताना फाटतो आणि त्याचे कपटे नखाने खरवडत बसावे लागते. म्हणून निदान पाच-सहा हात हवेत. पहिला अगदी विरळ, खालचा रंग अर्धाअधिक दिसत राहील असा. पुढचे ओलसर आणि सलग. दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटांचा धीर धरावा.

त्याआधी मात्र मेणाचा अंशही राहता कामा नये, नाहीतर थर नीट धरत नाही. दादांनी इतकी वर्षे चढवलेली झिलई साबणाने धुऊन काढायची! वहिनींना हे कसे सांगावे, हा पेच पुतण्याने शहाणपणाने सोडवला. डिकीच्या झाकणावर तळहाताएवढी जागा धुऊन त्याने तेवढीच फवारली, एक दिवस वाळू दिली आणि म्हणाला, "आई, आता तूच काढ." त्यांनी कडेला नख घालून ओढले. अखंड तुकडा हातात आला. खाली दुधी रंग जसाच्या तसा.

तरीही सगळी गाडी निळी झाली नाही. चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढून पाहिली, तेव्हा डाव्या बाजूचा रंग पट्टीबरोबर खपल्यांनी निघू लागला. पूर्वी एकदा ठोकर बसल्यावर ती बाजू एका गॅरेजात रंगवलेली होती. मूळ रंगच कच्चा असेल तर हा पापुद्रा त्यालाही घेऊन येणार. तेव्हा फक्त छप्पर आणि बॉनेट, असे ठरले. नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असतो, म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणाही झाली.

फवारणीच्या दिवशी स्वयंपाकघराची खिडकी बंद, शेगडी बंद, देवाजवळचे निरांजनही शांत केले. कारण उडणारी वाफ पेट घेते. नाकाला फडके बांधून भागत नाही, त्या वाफेला कोळशाच्या गाळणीचा मुखवटाच लागतो. मुलांना शेजारी धाडले. शेवटचा हात ओला असतानाच कडेच्या पट्ट्या काढल्या. वाळल्यावर काढल्या असत्या तर कड फाटली असती.

आता गाडी दुरंगी दिसते, आणि खरे सांगायचे तर बरी दिसते. पेट्रोल सांडले तर हा थर विरघळतो, म्हणून पुतण्या तिला फार जपतो. दिवाळीला छप्पर सोलायचे, असे वहिनी म्हणतात. होळीपर्यंत राहू दे, असे तो म्हणतो. अजून काही ठरलेले नाही.