मार्फत ५६ ए. पी. ओ.

नवी ओळख झाली की आपल्याकडे तिसरा प्रश्न ठरलेला असतो : "तुमचं मूळ गाव कोणतं?" पहिला आडनावाचा, दुसरा नोकरीचा, आणि हा तिसरा. बाकीची मंडळी तो चुटकीसरशी सोडवतात. चार पिढ्यांमागे सोडलेल्या खेड्याचं नाव काहीजण अशा थाटात घेतात, की आज सकाळीच तिथल्या विहिरीचं पाणी पिऊन आले असावेत! मी मात्र क्षणभर घुटमळते. वडिलांचं गाव सातारा जिल्ह्यातलं, हे खरं. पण सुटीत चार दिवस पाहुणी म्हणून जाण्यापलीकडे मी तिथे राहिलेली नाही. माझा जन्म १९५५ सालचा, बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलातला. पुढे शिक्षण संपेतो सात शाळा झाल्या. आणि लहानपणी ज्या पत्त्यावर मी सर्वांत जास्त पत्रं लिहिली, त्या पत्त्यात गावाचं नावच नव्हतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ५६ ए. पी. ओ.' संपला पत्ता.

लष्करी टपालाची ही युक्ती. पलटण बर्फात असो की वाळूत, पत्ता बदलायचा नाही. शत्रूला ठावठिकाणा कळू नये, हा हेतू. पण त्यामुळे तो घरच्यांनाही कळत नसे.

आमचे आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९४४ साली शिपाई म्हणून भरती झाले, १९७२ साली सुभेदार म्हणून बाहेर पडले. पलटण 'पीस'मध्ये असली की आम्ही त्यांच्याबरोबर छावणीत. 'फील्ड'वर गेली की आम्ही मागे, आणि आबा इनलँडवर! त्या पत्रांत काय असायचं? 'येथील सर्व क्षेम. हवा थंड आहे. सफरचंदं स्वस्त आहेत.' आई पत्राची घडी घालता घालता म्हणे, "काश्मीर." कधी येई, 'पाऊस थांबत नाही, जळवा फार आहेत.' आई म्हणे, "आसामकडं गेले वाटतं." पत्रं तपासणाऱ्या साहेबाच्या नजरेतून सफरचंद सुटे, आईच्या नजरेतून सुटत नसे. माझा भूगोल पक्का झाला तो असा.

बदलीचा हुकूम आला की घरात रडारड होत नसे, मोजामोज होई. क्वार्टरमधलं लाकडी सामान सरकारी. प्रत्येक खुर्चीच्या पोटाला रंगानं नंबर टाकलेला. तो ताळ्यावर पाडून परत करायचा. आपलं म्हणायचं ते काळ्या ट्रंकांत मावेल तेवढंच. फक्त एक वस्तू आई ट्रंकेत घालत नसे : डालड्याच्या डब्यातली तुळस. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आईच्या मांडीवर बसून ती तुळस बेळगावहून झाशीला गेली, झाशीहून अंबाल्याला. नव्या घरी पोचताच ती आधी दारात ठेवायची, मग चूल. आमचं बिऱ्हाड बसलं, हे त्यावरून आम्ही ओळखायचं.

शाळांची तऱ्हा मोठी गमतीची. अर्ध्या वर्षात नाव घालायचं, बाकावर कडेची जागा मिळायची, आणि इथली मुलं कुठल्या पानावर आहेत ते शोधायचं. १९६३–६४ साली सरकारनं पलटणींच्या वीस शाळा हाती घेऊन 'सेंट्रल स्कूल' काढली. आजची केंद्रीय विद्यालयं ती हीच. पुस्तक सगळीकडे एकच झालं आणि आमचा पान शोधण्याचा व्याप वाचला. मैत्रिणी मात्र प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून मिळवाव्या लागत. त्याला काही सरकारी तोड निघाली नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये आम्ही अंबाला छावणीत होतो. पुरुष आघाडीवर गेले. मागे राहिलेल्या बायकांनी खिडक्यांना खाकी कागद चिकटवले, अंगणासमोर खंदक खणले गेले. छावणीतल्या सेंट पॉल चर्चवर बॉम्ब पडले. ते चर्च आजही भग्नावस्थेत उभं आहे. पण आम्हांला बॉम्बपेक्षा धास्ती होती ती सायकलच्या घंटीची. तारवाला ओळीच्या तोंडाशी दिसला, की प्रत्येक दारात एकेक बाई येऊन उभी राही. कुणी काही बोलत नसे. सायकल आपल्या दारावरून पुढे गेली, की सुटकेचा श्वास घ्यायचीही लाज वाटे. कारण ती दुसऱ्या कुणाच्या तरी दारी थांबणारच असे.

एका दुपारी ती शेजारच्या वहिनींच्या दारी थांबली. तार इंग्रजीत. त्या वेळी ओळीत जे कोणी हजर होतं, त्यांत इंग्रजी येणारी मी एकटी. वय वर्षं दहा. आईनं मला पुढे केलं. म्हणाली, "वाच पोरी. घाबरू नको. जे असंल ते वाच." 'वूंडेड' या शब्दाचा अर्थ आठ दिवसांपूर्वीच बाईंनी वर्गात सांगितला होता. मी सांगितलं, भाऊ जखमी झालेत, हॉस्पिटलात आहेत.

वहिनींनी विचारलं, "किती?"

तारेत 'किती' नव्हतं. त्यांनी मला ती पाच वेळा वाचायला लावली, आणि पाचही वेळा मी सावकाश वाचली. जणू रेंगाळलं तर आणखी एखादा शब्द सापडेल. तेरा दिवसांनी दुसऱ्याच्या अक्षरातलं पत्र आलं, तेव्हा 'किती' ते कळलं : उजव्या हाताची तीन बोटं. भाऊंनी पुढे गावी पिठाची गिरणी घातली आणि ती उत्तम चालवली. पण ते तेरा दिवस वहिनी चुलीपुढे बसायच्या आणि चूल पेटवायच्या नाहीत. त्यांची भाकरी आमच्या तव्यावर होई.

१९७६ साली मला पुण्याच्या तार-कचेरीत नोकरी लागली. आई म्हणाली, "जगात दुसरं काही काम उरलं नव्हतं का तुला?" तिला काय उत्तर द्यावं, हे मला तेव्हा सुचलं नाही. पुढे काउंटरवर बसल्यावर ते आपोआप सापडलं.

तारेला शब्दागणिक पैसे. त्यामुळे माणसं शब्द काटकसरीनं वापरत, आणि या काटकसरीत पहिला बळी जाई तो 'किती'चा! 'फादर ॲक्सिडेंट कम.' संपलं. मजकूर बदलण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. पण सुचवायला कोण अडवतं? मी विचारी, "शुद्धीवर आहेत ना? मग तेवढं घाला की. दोन शब्द वाढतील, पण ज्याला तार मिळेल तो रात्रभर गाडीत त्या दोन शब्दांवर बसेल." बहुतेकजण घालत. ज्यांच्याजवळ तेवढे सुटे नसत, त्यांचे कधी माझ्या पर्समधून जात.

गमतीच्या ताराही पुष्कळ. शेतीचा हंगाम आला, गणपती आले, की जवानांच्या आया पटापट अत्यवस्थ होत. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' ही तार मी किती वेळा पाठवली असेल, याची गणती नाही. एकदा तर ती अत्यवस्थ आई स्वतःच काउंटरवर उभी होती आणि पोचायला किती वेळ लागेल म्हणून विचारत होती! रजा मिळायला दुसरा उपाय नाही, हे मला ठाऊक होतं. मी गंभीर चेहऱ्यानं पावती फाडली.

लग्न झालं ते सदाशिव पेठेत. यजमानांचा जन्म, शाळा, कॉलेज, बँकेतली नोकरी, सगळं अर्ध्या कोसाच्या आत. बिगरीतले मित्र अजून संध्याकाळी पारावर! मला त्याचं नवल वाटे, थोडा हेवाही. माझ्या बिगरीतल्या एकाही मुलीचा चेहरा मला आठवत नाही. सासूबाई म्हणत, "हिला भिंतीला खिळा ठोकायला सांगा, हात थरथरतो हिचा." खरंच होतं ते. सरकारी भिंतीला खिळा ठोकायचा नसतो, हे माझ्या अंगात मुरलेलं. पुढे दोन वेळा बढती आली, दोन्ही वेळा बदलीसह. मी दोन्ही वेळा नाकारली. मुलीला एकच शाळा मिळावी, एवढाच हट्ट होता. तिला ती मिळाली. त्याची खंत मला त्या वेळी नव्हती, आज नाही.

आबा मात्र निवृत्त होऊन गावी गेले आणि अबोल झाले. समोरासमोर बसले की हवापाण्यापलीकडे बोलणं जाईना. पण पुण्याला त्यांचं दर आठवड्याला पत्र येई, आणि त्यात जे प्रत्यक्षात ओठांवर येत नसे ते सारं असे. शेवटपर्यंत आम्ही बापलेक एकमेकांना भेटलो ते पत्रांतच. पुष्कळ फौजी घरांत असं असतं. त्याला प्रेमाची उणीव समजू नये. प्रेमाचा रस्ता तेवढा वेगळा.

आणि ज्या मुलीला मी एका शाळेत, एका घरात वाढवलं, तिनं काय करावं? १९९२ पासून सैन्याची दारं डॉक्टर-नर्सखेरीज इतर मुलींनाही उघडली होती. २००५ साली चेन्नईच्या अकादमीतून ती बाहेर पडली ती अधिकारी होऊन, आणि गेली सिग्नल कोअरमध्ये. म्हणजे आजोबांची पलटण आणि आईचं तारायंत्र, दोन्ही उचललं! म्हणाली, "आई, तू सांगितलेल्या सगळ्या गोष्टी बाहेरगावच्याच होत्या." २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं स्त्री-अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीची वाट मोकळी झाली. ती अजून नोकरीत आहे.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी ही गर्दी लोटली. आयुष्यात कधी तार न केलेली मुलंही आठवण म्हणून आली होती. गर्दी ओसरल्यावर मीही एक तार केली, मुलीच्या लष्करी पत्त्यावर : 'सर्व क्षेम. गुडघा दुखतो. थोडाच.'

आता हातात मोबाइल आहे. पण डोंगरावर तिला कधी चार-चार दिवस रेंज नसते. माझ्या निरोपापुढे एकच टिचकी दिसते, दुसरी उमटत नाही. मी फोन उपडा ठेवते आणि कणीक मळायला घेते. रेंज आली की ती आधी लिहिते, 'बरी आहे', आणि मग न विचारता किती बरी ते लिहिते : ताप किती, झोप किती, जेवली काय. हे तिला कुणी शिकवलं नाही.

तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि चौथ्या शाळेत आहे. म्हणून या दिवाळीला एकच मागणं. तुमच्या मुलांच्या वर्गात वर्षाच्या मध्येच एखादं पोर येईल, भाषा अडखळत बोलेल, कुठलं पान चाललंय ते शोधत बसेल. आपल्या मुलाला सांगा, त्याला पान दाखव आणि डबा खायला हाक मार. दोन वर्षांनी ते निघून जाईल, हे खरं. पण तुमच्या मुलाचं नाव ते विसरणार नाही.