माथा मोकळा सोडणारं घर

डोंगरावर घर बांधायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली मागणी माथ्याची. सगळ्यात उंच जागा हवी, चारी दिशांना ‘व्ह्यू’ हवा आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही बंगला दिसायला हवा. लोणावळा-मुळशीकडे त्यासाठी जेसीबी लावून माथेच्या माथे सपाट केलेले दिसतात. ते पाहत आलेला माणूस अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या केंटक नॉबच्या टेकडीवर पोचला की गोंधळतो. दोन हजार फूट उंचीचा हा माथा. वर गवत, वारा आणि आभाळ. घर नाहीच!

ते आहे किंचित खाली, दक्षिणेच्या उतारावर. आधी दिसते खडबडीत वालुकाश्माची भिंत, मग तिच्यावरचं तांब्याचं पसरट, बुटकं छप्पर. दगड याच टेकडीचा. त्यामुळे उतार कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली, हे मला पहिल्या नजरेत खरोखरच कळलं नाही.

वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९५३ साली या घराचा आराखडा केला तेव्हा ते ८६ वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचं कामही त्यांच्या हाती होतं. घर मागणारे हेगन पती-पत्नी जवळच्या युनियनटाउनचे, धंदा आइस्क्रीमचा. त्यांचे स्नेही कॉफमन यांच्यासाठी राइटनी धबधब्यावर बांधलेलं फॉलिंगवॉटर इथून काही मैलांवर आहे. ते पाहून हेगन यांनाही राइटकडूनच घर हवंसं झालं. ऐंशी एकर जमीन त्यांनी घेतली होती. माथा त्यांचा स्वतःचा होता, तिथे बांधायला कुणाची आडकाठी नव्हती. राइटचं म्हणणं मात्र जुनंच होतं: माथ्यावर बांधलं की टेकडी हातची जाते. विस्कॉन्सिनमधलं आपलं टॅलिसिन हे घर त्यांनी १९११ साली याच विचाराने टेकडीच्या कडेला वसवलं होतं.

आत गेल्यावर या निर्णयाचा व्यवहारही कळतो. पाठीशी टेकडी असल्याने उत्तरेचा बोचरा वारा अडतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा दक्षिणेच्या काचांतून ऊन आत येतं. उन्हाळ्यात तो वर चढला की तेच ऊन लांब पुढे आलेल्या वळचणीवर अडतं. पायाखालच्या फरशांच्या पोटातून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो गच्चीवर. वळचण इतकी रुंद, की एरवी दिवाणखाना अंधारून गेला असता. म्हणून तिच्यात ओळीने षटकोनी झरोके कापले आहेत, वर काच नाही, काही नाही. दुपारच्या उन्हात त्यांतून उजेडाचे षटकोन फरशीवर उतरतात आणि सूर्य सरकेल तसे सरकत राहतात. पाऊसही त्याच वाटेने येतो, बर्फही. छपराला मुद्दाम भोकं पाडायला छाती लागते. आणि अशा माणसावर विश्वास टाकणाऱ्या मालकांनाही ती लागली असणार.

साऱ्या घराचा नकाशाच समभुज त्रिकोणांच्या जाळीवर बेतलेला आहे. काटकोन शोधावा लागतो. तांबूस सायप्रसच्या लाकडाचे जोड काटकोनाविना बसवताना सुतारांचा केवढा कस लागला असेल! मधोमध षटकोनी, दगडी भिंतींचं स्वयंपाकघर. छत उंच, उजेड वरून आणि पायाखाली मऊ कॉर्क. तासन्‌तास ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईच्या पायांची काळजी इतक्या मोठ्या वास्तुकाराने घेतलेली पाहून मला फार बरं वाटलं. शयनगृहांकडे नेणारा बोळ मात्र मला पटला नाही. समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागेल, इतका तो अरुंद आहे.

हेगन कुटुंब १९५६ साली राहायला आलं आणि तीस वर्षं इथे नांदलं. उतार तेव्हा बराचसा उघडा होता. त्यावर त्यांनी हजारो रोपं लावली; आज घराभोवती दिसतं त्या रानात त्यांचा मोठा वाटा आहे. १९८६ मध्ये घर ब्रिटनच्या पीटर पलम्बो यांनी घेतलं आणि १९९६ पासून ते लोकांना पाहता येतं. पलम्बो यांनी आवारात आधुनिक शिल्पं मांडली आहेत, बर्लिनच्या भिंतीचे तुकडेसुद्धा. वेगळ्या जागी मी ती आवडीने पाहिली असती. इथे मात्र, जे घर स्वतःकडे लक्ष ओढून घेत नाही, त्याच्या शेजारी ती मोठ्याने बोलतात.

घरापासून थोडं चालत गेलं की यॉकगेनी नदीची खोल दरी उघडते, पलीकडे एकामागे एक डोंगररांगा. सगळ्या मालमत्तेतला सर्वांत भव्य देखावा हाच! दिवाणखान्याच्या काचांतून उतार आणि झाडी दिसते, ही दरी अशी दिसत नाही. ती पाहायची झाली तर हेगन मंडळींनाही बूट चढवून इथवर पायीच यावं लागत असणार.